मानेवरची गाठ: आधी बोट, मग तोंड, मग सुई, सुरी शेवटी

गालगुंड, गलगंड आणि गंडमाळ. तिन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात आणि आपल्याकडे विदर्भात गावागावात एकाच्या जागी दुसरा सहज वापरला जातो. गालगुंड म्हणजे कानाखालच्या लाळग्रंथीला विषाणूमुळे आलेली सूज. आठवडा-दहा दिवसांत ती आपोआप उतरते. गलगंड म्हणजे घाटीखालची, म्हणजे कंठमण्याखालची, थायरॉईड ग्रंथी वाढणं. गंडमाळ म्हणजे मानेतल्या, जंतू अडवणाऱ्या लसिका ग्रंथींचा टीबी. त्याला किमान सहा महिने औषध लागतं. नाव चुकलं की औषधही चुकतं. गंडमाळेच्या मुलीला "गालगुंड आहे, उतरेल" म्हणत महिनाभर लेप लावले जातात, आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या माणसाच्या जबड्याखालच्या कडक गाठीला "दाढेची सूज" ठरवून अँटिबायोटिकचे तीन-तीन कोर्स दिले जातात. दोन्ही चुका टाळता येतात आणि त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. बोटं, मोबाईलचा टॉर्च आणि योग्य वेळी एक बारीक सुई, एवढ्यावर बहुतेक गाठींचा पत्ता लागतो.

हाताला लागणारी प्रत्येक गोष्ट गाठ नसते, हे आधी सांगायला हवं. भीतीने लोक मान चाचपतात आणि नेहमीचीच हाडं-कूर्चा सापडतात. कानाच्या पाळीमागे खाली उतरणारं हाडाचं टोक, कानाखाली खोलवर लागणारा पहिल्या मणक्याचा कोपरा, घाटीच्या वर दोन्ही बाजूंना लागणारी बारीक हाडाची टोकं, जबड्याच्या कोपऱ्याखाली ठोके देणारी मोठी रक्तवाहिनी, डोक्याच्या मागचा उंचवटा: हे सगळं सगळ्यांनाच असतं. म्हाताऱ्या माणसाची चरबी झडली की जबड्याखालची लाळग्रंथी लोंबते आणि गाठीसारखी दिसते. ओळखण्याची सोपी रीत अशी की दुसऱ्या बाजूलाही तसंच, तेवढंच लागतं का ते पाहायचं. दोन्हीकडे सारखं असेल तर बहुधा ती शरीराची घडणच आहे.

खरी चाचपणी करायची तर माणसाला स्टुलावर बसवा आणि मागे उभं राहा. बोटांची टोकं रुतवू नका. तीन बोटांच्या सपाट पेरांनी हलके गोल फिरवत तपासा. हनुवटीखालून सुरुवात करून जबड्याच्या कडेने कानापर्यंत या, मग कानामागे, मग डोक्याच्या मागच्या भागात. त्यानंतर कानाखालून छातीच्या हाडाकडे तिरकी उतरणारी मानेची जाड स्नायूची दोरी पकडा आणि तिच्या पुढे-मागे वरून खाली या. मान त्याच बाजूला थोडी कलती केली की स्नायू सैल पडतो आणि त्याच्याखाली दडलेली गाठ सापडते. ताठ मानेत ती हमखास सुटते. शेवटी गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर जो खड्डा असतो, तिथे बोटं घालून पाहा. हा खड्डा बहुतेक जण विसरतात. तिथे, विशेषतः डाव्या बाजूला, लागणारी गाठ कधीही "साधी" म्हणून सोडायची नसते, कारण पोटातला किंवा छातीतला कर्करोग कधी कधी पहिल्यांदा तिथेच दिसतो.

गाठ सापडली की मापाचा अंदाज धान्याने घ्यावा, म्हणजे फोनवर सांगतानाही समोरच्याला कळतं. तुरीच्या दाण्याएवढी म्हणजे साधारण अर्धा सेंटिमीटर, भिजलेल्या हरभऱ्याएवढी म्हणजे एक सेंटिमीटर, गावठी बोराएवढी म्हणजे दीड-दोन. मानेत लसिका ग्रंथी शेकड्याने असतात, आणि एक सेंटिमीटरपर्यंतची, मऊसर, बोटाखालून निसटणारी ग्रंथी निरोगी माणसातही लागू शकते. पायाला काटा रुतल्यावर जांघेत अवधाण येतं ना, मानेतही तेच घडतं: दात, घसा, कान, डोक्याची कातडी यांतला जंतू जवळच्या ग्रंथीत अडवला जातो आणि ती फुगते. म्हणून गाठ मानेत दिसली तरी कारण शोधायचं ते वर, तिच्या पाणलोटात.

हा पाणलोट लक्षात ठेवला की अर्धं काम होतं. हनुवटीखालच्या गाठीचा उगम खालचा ओठ, पुढचे दात, जिभेचं टोक. जबड्याखालच्या गाठीचा उगम गालफड, हिरडी, जिभेच्या कडा, दाढा. जबड्याच्या कोपऱ्यामागच्या गाठीचा उगम टॉन्सिल, जिभेचं मूळ, घसा. मानेच्या मागच्या त्रिकोणात टीबी जास्त, आणि डोक्यातली खरूज-फोड-उवांमुळे येणाऱ्या गाठीही तिथेच. शाळेतल्या पोरींच्या मानेमागे माळेसारख्या तीन-चार बारीक गाठी घेऊन आई घाबरून येते. केस फणीने विंचरून पाहिले की लिखा आणि खाजवून झालेले फोड दिसतात. उवांचं औषध लावलं, सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावलं, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावलं, की गाठी काही आठवड्यांत बसतात. एकटीलाच लावलं तर परत होतात. उगाच रक्ताच्या दहा तपासण्या कशाला?

किती दिवसांची गाठ आहे, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचंच उत्तर सगळ्यात ढिसाळ मिळतं. "झाले असतील आठ-पंधरा दिवस" याचा अर्थ कधी कधी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत असतो. म्हणून सणाने, पिकाने विचारावं: पेरणीच्या वेळी होती का? सोयाबीन काढताना होती का? वैद्यकीय विद्यार्थ्यांना सातचा एक जुना ठोकताळा शिकवतात. सात दिवसांची गाठ बहुधा जंतूची, सात महिन्यांची बहुधा वाढीची (ट्यूमरची), सात वर्षांची बहुधा जन्मजात. ठोकताळाच तो, पण दिशा बरोबर दाखवतो. मोठ्या माणसासाठी पक्की रेघ अशी आहे: दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली, दीड सेंटिमीटरहून मोठी, कडक, खालच्या भागाला चिकटून न हलणारी, किंवा वरची कातडी फुटलेली गाठ असेल आणि सर्दी-घसा-दात यांपैकी काही नुकतंच झालेलं नसेल, तर ती कर्करोगाची नाही असं सिद्ध होईपर्यंत संशयितच धरायची.

आता आपल्याकडचा सगळ्यात घातक गैरसमज. "दुखतच नाई तं कायले जाव दवाखान्यात?" जंतूची गाठ दुखते, लाल होते, ताप आणते आणि माणसाला दवाखान्यात आणते. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. टीबीचीही फारशी दुखत नाही. न दुखणारी गाठ कापूस वेचून होईपर्यंत थांबवली जाते, मग तूर, मग हरभरा, आणि उन्हाळ्यात ती लिंबाएवढी होऊन येते. दुखत नाही हे चांगलं लक्षण नव्हे. उलट त्याच कारणाने लवकर यायला हवं.

आधी तोंड उघडा

मोठ्या माणसाच्या मानेवर गाठ दिसली की गाठ बघण्याआधी तोंड बघायचं. सुपारीची कात्रण, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा नागपूरपासून गडचिरोली-चंद्रपूर-यवतमाळपर्यंत प्रत्येक पानठेल्यावर मिळतो. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा जागच्या जागी घोटून देतात, त्यामुळे तो हातोहात चालूच राहिला. बरेच जण म्हणतात, "मी तंबाखू सोडला, आता नुसती सुपारी खातो." सुपारी एकटीसुद्धा कर्करोग करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला तंबाखूशिवायही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, टाकलेलं आहे.

तोंड पाहायला दोन मिनिटं लागतात. उजेडाकडे तोंड करून बसा, चूळ भरा, कवळी असेल तर काढा. आधी किती उघडतं ते पाहा: स्वतःच्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांत गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर सुपारीने गालाच्या आत जाळं धरायला सुरुवात केली आहे. असा माणूस आधी सांगतो की ठेचा खाणाऱ्याला आता साधं वरणही झोंबतं. मग चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ओढून आतलं अस्तर पाहा, खालचा ओठ उलटा करा, हिरडी आणि गाल यांच्यामधली खाच, जिथे खर्र्याची गोळी धरली जाते, ती नीट पाहा. जीभ रुमालात धरून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढा. जिभेच्या मागच्या कडा या सगळ्यात दुर्लक्षित जागा आहेत. जीभ टाळूला लावून तिच्याखालचा भाग पाहा. काय शोधायचं? पंधरा दिवसांत न भरलेला छाला, पुसून न निघणारा पांढरा किंवा मखमली लाल चट्टा, बोटाला कडक लागणारी जागा, कारण नसताना हलायला लागलेला दात.

या हलणाऱ्या दाताबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. हिरडीतल्या कर्करोगाने दाढ हलते, माणूस ती उपटून घेतो, आणि खड्डा भरतच नाही. उलट त्यातून मांस वर येतं. खर्रा खाणाऱ्याची एकच दाढ हलत असेल, बाकीची पक्की असतील आणि खाली जबड्याला गाठ असेल, तर दाढ काढण्याआधी त्या हिरडीचा तुकडा तपासून घ्यावा. आणि दाढ काढून दोन-तीन आठवड्यांत खड्डा भरला नाही, तर पुन्हा अँटिबायोटिक न घेता तुकडा काढणाऱ्या डॉक्टरकडे जावं.

तोंडात काही दिसलं नाही तरी घसा, स्वरयंत्र आणि नाकामागची जागा उरतेच. तिथे आरसा किंवा दुर्बीण लागते. तीन आठवडे टिकलेला घोगरा आवाज, गिळताना एकाच बाजूला कानात जाणारी कळ, एकाच कानाला बसलेला दडा, थुंकीतून रक्त: मानेच्या गाठीबरोबर यातलं एक जरी असलं तरी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडेच जायचं, साध्या ओपीडीत अडकायचं नाही.

गंडमाळ

टीबीच्या गाठी बहुधा तरुण वयात, मुलींमध्ये बऱ्याच, मानेच्या एका बाजूला येतात. सुरुवातीला रबरासारख्या सुट्या, मग एकमेकींना चिकटून गुच्छ होतो, मग मधे मऊ पडतं. हात लावला तर गरम लागत नाही, लाली नाही, पण आत पू असतो. म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम असेलच असं नाही. बऱ्याच जणींना गाठीपलीकडे काहीच नसतं.

इथे होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे हे गळू साध्या फोडासारखं चिरणं. चिरलं की जखम भरत नाही, महिनोन्महिने पाझरत राहते आणि कायमचा सुरकुतलेला व्रण मागे ठेवते. पू काढावाच लागला तर जाड सुईने, गाठीच्या बाजूच्या निरोगी कातडीतून, वरून तिरकस शिरून ओढायचा, म्हणजे भोकातून गळत राहत नाही. दुसरी चूक औषधांची. नेमकं निदान नसताना लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध दिलं की टीबी काही दिवस दबतो आणि तपासणीत सापडत नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन तर त्याहून वाईट: टीबीची आणि लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची, दोन्ही गाठी त्याने काही काळ बसतात, माणूस बरा झालो म्हणतो, आणि निदान दोन-तीन महिने मागे पडतं. "एका सुईत गाठ उतरवून देतो" असं कुणी म्हटलं तर त्या सुईत काय आहे ते लिहून मागा.

बिब्बा आणि डागण्याबद्दलही. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. आतल्या गाठीला त्याचा काहीही स्पर्श होत नाही. भाजलेल्या, चिघळलेल्या कातडीतून पुढे सुई घालणंही अवघड होतं आणि ऑपरेशनची जखमही नीट भरत नाही. ज्या आजीने लावलं तिने मायेनेच लावलेलं असतं. तिला रागावून काही होत नाही, पण नातीची गाठ आधी तपासू द्या एवढं तिला समजावून सांगता येतं.

निदान झालं की उपचार सरळ आहे: वजनाप्रमाणे रोज गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात मोफत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. त्यासाठी निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद आणि बँक खातं जोडलेलं हवं. लघवी केशरी होते, ते औषधाचंच. एक गोष्ट आधीच सांगून ठेवली नाही तर लोक घाबरून गोळ्या सोडतात: औषध लागू पडत असतानाही पहिल्या काही महिन्यांत गाठ वाढू शकते, नवीनही येऊ शकते. तेव्हा गोळ्या बंद न करता डॉक्टरला दाखवायचं. सहा महिन्यांनी हरभऱ्याएवढी गाठ उरली तर चालतं. फुप्फुसात काही नाही हे छातीच्या एक्स-रेने आणि गरजेप्रमाणे थुंकीच्या तपासणीने कळलं की या गाठीमुळे कुणाला लागण होत नाही. ताट वेगळं करायचं कारण नाही. लग्न ठरेल म्हणून गाठ ओढणीखाली लपवून ठेवलेल्या मुली उशिरा येतात. त्यांच्या घरच्यांना सांगायचं ते हेच: आत्ता गोळ्या घेतल्या तर व्रणही बहुधा राहणार नाही.

घाटीजवळची गाठ

घाटीखालची गाठ पाण्याचा घोट गिळताना वर-खाली होत असेल तर ती थायरॉईडची. जीभ बाहेर काढल्यावरही वर ओढली जात असेल आणि अगदी मधोमध असेल, तर बहुधा जन्मजात नळीची गाठ; ती लहान मुलांत आणि तरुणांत दिसते. तिला नुसती कापून काढली की परत येते. गळ्यातल्या छोट्या आडव्या हाडाचा मधला तुकडा तिच्याबरोबर काढावा लागतो, आणि त्याआधी सोनोग्राफीने खरी थायरॉईड जागेवर आहे की नाही ते बघावं लागतं. क्वचित ती गाठ हीच मुलाची एकमेव थायरॉईड असते.

थायरॉईडच्या शंभरातल्या नव्वदांहून जास्त गाठी साध्या निघतात. रक्तात टीएसएच (थायरॉईडचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) आणि मानेची सोनोग्राफी, एवढ्याने पुढची वाट ठरते. प्रत्येकीला सुई लागत नाही. झपाट्याने वाढ, आवाज बदलणं, बाजूला दुसरी गाठ, घरात कुणाला थायरॉईडचा कर्करोग, ही कारणं असली की थांबायचं नाही. आयोडीनचं मीठ बंद डब्यात, चुलीपासून लांब ठेवा आणि भाजीत शेवटी टाका. पण आधीच तयार झालेली टणक गाठ मिठाने विरघळत नाही.

कानाखाली, गालात, डोक्यावर

कानाच्या पाळीला वर उचलणारी, वर्षानुवर्षं हळू वाढणारी, न दुखणारी गाठ बहुधा कानाखालच्या लाळग्रंथीची, आणि बहुधा साधी. तरीही ती काढावी लागते, आणि काढायची ती ग्रंथीच्या भागासकट. चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. छोट्या खोलीत भूल देऊन "वरची गाठ खुडून" काढली की पेशी विखुरतात, काही वर्षांनी द्राक्षाच्या घडासारख्या दहा गाठी परत येतात, आणि तेव्हा नस वाचवणं फार कठीण होतं. गाठीबरोबर तोंड वाकडं झालं असेल, डोळा मिटत नसेल, तर ती साधी नाही. जबड्याखालची लाळग्रंथी मात्र जेवताना फुगून तासाभराने उतरत असेल, तर लाळेच्या नळीत खडा. लिंबू चोखून पाहा, लगेच फुगते.

डोक्याच्या कातडीतली गोल, सरकणारी गाठ बहुधा पिशवीसारखी असते. पिशवी अख्खी निघाली पाहिजे. दाबून आतला चोथा काढला की ती पुन्हा भरते. कपाळावरची हाडासारखी टणक, वर्षानुवर्षं तशीच असलेली गाठ बहुधा हाडाचीच साधी वाढ असते. पण म्हाताऱ्या माणसाच्या कवटीवर नव्याने आलेली, मऊ, ठोके देणारी गाठ थायरॉईड किंवा रक्ताच्या कर्करोगाची असू शकते. ती चिरायची नसते. लहान लेकराच्या नाकाच्या मुळाशी मधोमध असलेली गाठ तर कुणीच, कधीच, स्कॅनशिवाय टोचू नये. तिचा धागा मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत बाळाच्या डोक्याच्या एका बाजूला आलेला, हाडाच्या शिवणीपाशी थांबणारा फुगा म्हणजे हाडाच्या आवरणाखाली साचलेलं रक्त. तो काही आठवड्यांत जिरतो. सुईने ओढू नका, जंतू शिरतो. फक्त कावीळ वाढत नाही ना ते पाहा. दोन-चार आठवड्यांच्या बाळाची मान एका बाजूला कलती आणि स्नायूत टणक गाठ असेल, तर ती स्नायूचीच. आईने शिकून घेतलेला मान ताणण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा केला की बहुतेकांची वर्षभरात बसते. मानेवर मऊ फुग्यासारखी, अंधारात मोबाईलचा टॉर्च लावला की कंदिलासारखी लालसर उजळणारी गाठ म्हणजे लसिकेच्या नळ्यांची. श्वास अडत असेल तर घाई, नसेल तर मोठ्या रुग्णालयात सावकाश.

एक तातडीची गोष्ट. दाढ दुखली, मग हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी घट्ट सूज, जीभ वर उचललेली, लाळ गिळता येत नाही, बोलणं तोंडात बटाटा धरल्यासारखं: हे काही तासांत श्वास बंद करू शकतं. शेक नको, लेप नको, माणसाला आडवं झोपवू नका. बसवूनच १०८ ने न्या. श्वास घेताना कर्कश आवाज येत असेल तर त्याच क्षणी निघा.

सुईची तपासणी

लोक सुईला घाबरतात: "गाठीले हात लावला का ते पसरते." बारीक सुईने गाठीचं पाणी काढल्याने कर्करोग पसरत नाही. वापरतात ती निळ्या टोपणाची २३ गेजची सुई, म्हणजे रक्त काढायच्या नेहमीच्या सुईहूनही जरा बारीक. खांद्याखाली उशी देऊन मान मागे करतात, स्पिरिटचा बोळा फिरवतात, दोन बोटांत गाठ घट्ट धरतात. सुई आत जाते, दहा-पंधरा सेकंद पुढे-मागे होते, बाहेर येते. थायरॉईडची असेल तर तेवढा वेळ गिळायचं नाही आणि बोलायचं नाही. सुईतला थेंब काचपट्टीवर पसरतात; काही पट्ट्या हवेत वाळवतात, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात, कारण उशीर झाला तर पेशी सुकून ओळखू येत नाहीत. दोन-तीनदा टोचावं लागतं. पू आला तर तो त्याच वेळी सीबीनॅट या टीबीच्या तपासणीसाठी पाठवायला सांगा. टीबीचा जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही, दोन्ही कळतं. पाच मिनिटं बोळा दाबून धरला की घरी जाता येतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. ठोके देणारी गाठ मात्र सोनोग्राफी झाल्याशिवाय टोचायची नाही.

अहवालातले दोन शब्द नीट वाचा. "नमुना अपुरा" याचा अर्थ "काही नाही" असा नव्हे; पुन्हा टोचावं लागतं. "रिअॅक्टिव्ह" (म्हणजे जंतूमुळे फुगलेली साधी ग्रंथी) लिहिलं आणि तीन-चार आठवड्यांनी गाठ तशीच किंवा मोठी असेल, तर तो कागद संपला, तपासणी परत. चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेतली पाण्याने भरलेली गाठ "साधी पिशवी" म्हणून सोडू नये, जरी सुईत नुसतं पाणी आलं तरी. टॉन्सिलचा किंवा थायरॉईडचा कर्करोग असाही दिसतो.

अख्खी गाठ काढून तपासणं हे शेवटचं पाऊल. तोंड-घसा न पाहता मानेची गाठ आधी कापली की पुढच्या मोठ्या ऑपरेशनची जागा बिघडते. लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा संशय असेल तेव्हा मात्र अख्खी गाठच लागते, सुईवर भागत नाही. आणि काढलीच तर पूर्ण गाठ फॉर्मॅलिनच्या (तुकडा टिकवायच्या रसायनाच्या) बाटलीत टाकायची घाई करू नये: टीबीच्या तपासणीचा तुकडा वेगळ्या बाटलीत, सलाइनमध्ये जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मग तो उगवून कोणतं औषध चालेल ते बघता येत नाही. ऑपरेशनच्या आधी दोन बाटल्या आहेत का, एवढं नातेवाइकाने विचारलं तरी पुरे.

भूल देण्याआधी आपल्या भागात सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालेलीच हवी. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता, ऑक्सिजनची कमतरता सोसत नाही. भूलतज्ज्ञाला आधी माहीत असलं की तो सगळी तयारी ठेवतो. घरात कुणाला असेल तर विचारायची वाट न पाहता सांगा.

पहिला थांबा गावातल्या आरोग्य उपकेंद्राचा. तिशीपुढच्या माणसांची तोंडाची तपासणी तिथे व्हायलाच हवी, आशाताईंना विचारा. पुढे सेवाग्राम, सावंगी मेघे, नागपूरचं मेडिकल, एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, किंवा यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय महाविद्यालयं. निघताना रेशनकार्ड आणि आधार घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि कोणती तपासणी त्यात बसते ते भरती होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, विचारून घ्या. सिकलसेलचं कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं, जुने एक्स-रे पिशवीत टाका. आधी कुठे सुई किंवा तुकड्याची तपासणी झाली असेल तर नुसता अहवाल आणू नका. त्या प्रयोगशाळेतून काचपट्ट्या आणि काढलेला तुकडा ज्यात जपतात तो मेणाचा ठोकळा मागून घ्या. तो ठोकळा रुग्णासाठीच जपलेला असतो, मागितला की सही घेऊन देतात. तो हातात असला की मोठ्या रुग्णालयात पुन्हा तुकडा काढायची वेळ बहुधा येत नाही आणि एक-दोन आठवडे वाचतात. उन्हात गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका, मेण वितळतं.